चॅप्लिन्स वर्ल्ड, व्हेवे: नाटकवाल्यांनी चुकवू नये अशी जागा

स्वित्झर्लंडला येणारी आपली मंडळी टिटलिस, युंगफ्राऊ, इंटरलाकेन करतात, चॉकलेटं घेतात आणि परततात. लेमान सरोवराच्या काठावरचं व्हेवे सहलवाल्यांच्या यादीत क्वचितच असतं. माझी लेक लोझानला राहते, तिथून व्हेवे रेल्वेने अगदी जवळ. गावाच्या वरच्या अंगाला कोर्सिए नावाची वस्ती आहे. तिथे चार्ली चॅप्लिनचं घर आहे, आणि 2016 च्या एप्रिलपासून त्याचं संग्रहालय झालं आहे. मी पूर्ण दिवस तिथे काढला. जावई दुपारीच कंटाळले, नात संध्याकाळपर्यंत हलायला तयार नव्हती आणि मी नातीच्या बाजूने होते.

मी सांगलीची. नोकरी शाळेत चित्रकला शिकवण्याची, पण जीव अडकलेला नेपथ्यात. हौशी नाटकांचे फ्लॅट, म्हणजे देखाव्याच्या खोट्या भिंती, रंगवायचे, लेव्हल्स, म्हणजे रंगमंचावरचे उंच चौथरे, ठोकून घ्यायच्या, राज्य नाट्य स्पर्धेच्या आदल्या रात्री भावे नाट्यमंदिरात सुताराच्या डोक्यावर बसून खिडकीची चौकट सरळ करून घ्यायची, यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे हे परीक्षण पर्यटकाच्या नजरेतून कमी आणि नेपथ्यवालीच्या नजरेतून जास्त आहे. खोली कशी उभी केली, दार कुठे ठेवलं, माणूस कुठून येतो आणि कुठे आपटतो, हे मी आधी बघते.

जागेचे दोन भाग आहेत. एक त्याचं राहतं घर, मान्वार द बाँ, आणि दुसरा नवीन बांधलेला स्टुडिओ. भोवती मोठी बाग, जुने प्रचंड वृक्ष, समोर डोंगर. बहुतेक लोक स्टुडिओत आधी शिरतात. माझा सल्ला उलटा आहे. घर आधी बघा, म्हणजे म्हातारपणीचा, आठ मुलांचा बाप असलेला चॅप्लिन आधी भेटतो. मग स्टुडिओत जाऊन लंडनच्या गल्लीतलं पोर बघितलं की दोन्हींतलं अंतर अंगावर येतं.

घरात तो आला तो स्वखुशीने नव्हे. 1952 च्या सप्टेंबरात ‘लाइमलाइट’च्या लंडनमधल्या प्रदर्शनासाठी तो कुटुंबासह ‘क्वीन एलिझाबेथ’ बोटीने अमेरिकेहून निघाला. बोट समुद्रात असतानाच अमेरिकेने त्याचा परतीचा परवाना रद्द केला. तो काळ कम्युनिस्ट शोधून काढण्याचा होता, आणि जवळजवळ चाळीस वर्षं तिथे राहूनही याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेलं नव्हतं. बायको ऊना मात्र अमेरिकन. ती एकटी परत गेली, तिकडचे पैसे, कागदपत्रं, सगळं गोळा करून घेऊन आली. 1953 च्या जानेवारीत कुटुंब या घरात राहायला आलं आणि 25 डिसेंबर 1977 ला, नाताळच्या दिवशी, तो इथेच गेला. त्याची शेवटची चार मुलं स्वित्झर्लंडमध्येच जन्मली. ऊनाचं धाडस या सगळ्या गोष्टीत मला फार मोठं वाटतं आणि घरात तिला पुरेशी जागा दिली आहे, हे बघून बरं वाटलं.

खोल्या नीट ठेवल्या आहेत. दिवाणखाना, जेवणाची खोली, आणि ज्या घरात त्याने आपलं जाडजूड आत्मचरित्र लिहिलं त्या घराचं ग्रंथालय. 1964 साली ते प्रसिद्ध झालं. शाळा धड न शिकलेल्या माणसाचं ग्रंथालय म्हणून मी त्या कपाटांकडे बघत होते. मोठेपणी त्याने शब्दकोश घेऊन स्वतःला इंग्रजी शिकवलं, पियानो आणि व्हायोलिन कानाने वाजवत आला आणि आपल्या चित्रपटांचं संगीत स्वतः रचलं. स्वरलिपी लिहिता येत नव्हती, तो गुणगुणायचा आणि दुसरे लिहून घ्यायचे. ‘मॉडर्न टाइम्स’मधली जी धून पुढे ‘स्माइल’ म्हणून जगभर गायली गेली, तीही त्याचीच.

घरातली सगळ्यात मौल्यवान गोष्ट म्हणजे घरगुती चित्रफिती. बागेत मुलांपुढे हा पांढऱ्या केसांचा माणूस नाचतोय, नकला करतोय, धडपडण्याचं सोंग घेतोय. पडद्यावर तेव्हा त्याचं फारसं काही येत नव्हतं. 1957 चा ‘अ किंग इन न्यूयॉर्क’ आणि 1967 चा ‘अ काउंटेस फ्रॉम हाँगकाँग’, एवढेच दोन चित्रपट या घराच्या काळातले, आणि त्याच्या उत्तम कामात ते मोजले जात नाहीत. पण या फितींतला म्हातारा अजून उत्तम आहे. पाय टाकण्याची वेळ अचूक, पडताना मान सैल, हात आधी जातो आणि डोळे नंतर. माझ्या शेजारी उभी असलेली एक परदेशी बाई आणि मी एकाच क्षणी हसलो, मग पुन्हा पहिल्यापासून बघायला तिथेच थांबलो. ज्यांच्याकडे वेळ कमी असेल त्यांनी बाकी खोल्या भराभर करा, या फितींपाशी मात्र बसा.

मेणाच्या पुतळ्यांबद्दल माझं मत वेगळं पडेल. पॅरिसच्या ग्रेवँ संग्रहालयाच्या कलावंतांनी केलेले तीसहून जास्त पुतळे इथे घरभर आणि स्टुडिओभर पेरले आहेत. काम बारकाईचं आहे, कपड्यांच्या शिवणीसुद्धा बघाव्यात अशा. मुलांना आणि फोटोवाल्यांना ते आवडतात. न्हाणीघरात आइन्स्टाइन भेटतो, आणि त्याला आधार आहे: 1931 च्या जानेवारीत ‘सिटी लाइट्स’च्या लॉस एंजेलिसमधल्या पहिल्या खेळाला तो चॅप्लिनबरोबर आला होता. पण खुद्द चॅप्लिनचा पुतळा बघताना मला काही वाटेना. या माणसाचं सगळं काम हालचालीत. टाचा जोडलेल्या, चवडे बाहेर, वळणावर एका पायावर लंगडी घालत घसरणं, काठी मध्येच कशाला तरी अडकणं. ते सगळं काढून घेतलं की मिशी आणि टोपी उरते. त्याच्या पुतळ्यापेक्षा भिंतीवर चालू असलेला अर्ध्या मिनिटाचा तुकडा मला शंभर पटीने जिवंत वाटला. सुदैवाने असे तुकडे जागोजाग आहेत.

आता स्टुडिओ. आत गेल्यावर आधी छोट्या चित्रपटगृहात बसवतात. दहाएक मिनिटांची फीत, त्याच्या आयुष्याची आणि कामाची धावती ओळख. ती संपते आणि पडदा वर उचलला जातो. मागे रस्ता उभा! घरं, दिवे, कोपरे, त्याच्या ‘इझी स्ट्रीट’ या चित्रपटातली गल्ली. उठून चालत आपण त्या रस्त्यात शिरतो.

आपल्याकडे तिसरी घंटा होते, पडदा उघडतो आणि नेपथ्य चांगलं असेल तर नट यायच्या आधी प्रेक्षक टाळ्या देतात. विंगेत उभं राहून त्या टाळ्या ऐकणं हे नेपथ्यवाल्याचं सगळं मानधन. इथे प्रेक्षकच रंगमंचावर जातो, फ्लॅटला हात लावतो, दारातून आत डोकावतो. इतक्या वर्षांत हा आनंद मला फक्त रिकाम्या थिएटरात, नाटक लागण्याआधी मिळाला होता. ज्याने ही कल्पना काढली त्याला माझा मनापासून नमस्कार. स्विस वास्तुविशारद फिलिप मेलाँ आणि कॅनडाचे संग्रहालयकार इव्ह ड्युरँ यांनी हा प्रकल्प दीड दशकाहून जास्त काळ लावून धरला होता.

गल्ली उगीच शोभेची नाही. चॅप्लिन 16 एप्रिल 1889 चा, दक्षिण लंडनच्या गरिबीतला. आई हॅना आणि बाप चार्ल्स, दोघंही म्युझिक हॉलचे, म्हणजे गाणी-नकलांच्या करमणुकीच्या थिएटरांतले, गायक. बाप वेगळा झाला आणि दारूपायी 1901 मध्ये गेला. आईचा आवाज गेला, मग हळूहळू मनाचा तोलही गेला. सात वर्षांचा असताना चार्ली, भाऊ सिडनी आणि आई लँबेथच्या अनाथाश्रमवजा कामगारगृहात दाखल झाले. पुढे मुलांना हॅनवेलच्या शाळेत पाठवलं, आईला वेड्यांच्या इस्पितळात. आत्मचरित्रात तो सांगतो की पाच वर्षांचा असताना आल्डरशॉटला रंगमंचावर आईचा आवाज फुटला आणि व्यवस्थापकाने त्यालाच गायला ढकललं. लोकांनी पैसे फेकले, तेव्हा हा गाणं थांबवून आधी पैसे गोळा करायला लागला आणि सभागृह हसून लोटपोट झालं.

‘द किड’मधली माळ्यावरची खोली स्टुडिओत उभी केली आहे. उतरतं छप्पर, ज्याखाली माणूस सरळ उभा राहू शकत नाही. चॅप्लिनने 1921 च्या त्या चित्रपटात ती खोली आपल्या लहानपणच्या लंडनमधल्या खोल्यांवरून घेतली असं म्हणतात, आणि ती बघताना ते पटतं. ज्याने तसल्या छपराला डोकं आपटून घेतलंय तोच ते एवढं खाली ठेवेल. दुसरी एक गोष्ट मला तिथे उभी असताना सारखी आठवत होती. 1919 च्या जुलैत त्याचं पहिलं मूल तीन दिवसांचं होऊन गेलं, आणि लगेच नंतर त्याने या टाकून दिलेल्या पोराच्या गोष्टीवर काम सुरू केलं. ‘द किड’मध्ये अनाथाश्रमवाले पोराला गाडीत घालून नेतात आणि हा छपरांवरून धावत त्याला गाठतो. ते दृश्य शाळेत मुलांना दाखवायचे तेव्हा वर्गात हसणारी मुलं एकदम गप्प व्हायची आणि मग कोणीतरी नाक ओढायचं.

सगळ्यात जास्त वेळ मी ‘द गोल्ड रश’च्या खोपटात घालवला. 1925 चा चित्रपट. वादळात खोपटं घसरत कड्याच्या टोकाशी जाऊन अडकतं, अर्धं जमिनीवर, अर्धं अधांतरी. आत दोघं आहेत, त्यांना पत्ता नाही. एक दरवाजाकडे चालला की खोली कलते. मूळ चित्रीकरणात बाहेरून दिसणारं लटकणारं घर लहान प्रतिकृतीचं, आणि आतली खोली खऱ्या आकाराची, हलणारी. दोन्हींची अशी जोडणी केली आहे की सांधा दिसत नाही. इथल्या खोपटाची जमीनही कलते. पाऊल टाकलं की शरीर आपोआप मागे झुकतं, हात भिंत शोधतो, चेहरा घाबरतो. अभिनय करावाच लागत नाही! नात तीनतीनदा घसरत खाली गेली आणि खिदळत वर आली.

एकदा आम्ही जहाजाचा देखावा असलेल्या नाटकात कलती लेव्हल केली होती. दिग्दर्शकाचा विरोध होता, नट पडतील म्हणाला. तालमीत नट पहिल्यांदा त्यावर चढले तेव्हा चेहऱ्यांवर जे आलं ते आठवडाभर समजावूनही येत नव्हतं. चॅप्लिनला हे पक्कं माहीत होतं: नटाच्या पायाखालची जमीन बदल, बाकीचं शरीर करून देतं. त्याच्या विनोदात वस्तू फार महत्त्वाची. त्याच चित्रपटातला उकडलेला बूट ज्येष्ठमधाच्या गोळीपासून केलेला होता आणि तो खाण्याचं दृश्य पुन्हा पुन्हा घेताना पोटं बिघडली. हा माणूस वाटेल तेवढ्या वेळा एकच दृश्य करायचा. ‘सिटी लाइट्स’मध्ये आंधळी फुलवाली या भणंगाला श्रीमंत समजते, त्याचं कारण सापडेना. ते दृश्य 342 वेळा चित्रित झाल्याची नोंद सांगतात. शेवटी उत्तर मिळालं ते मोटारीच्या दाराचं. रहदारी चुकवायला हा उभ्या मोटारीतून आरपार चालत जातो, दार बंद होतं, आणि मुलीला वाटतं गाडीतून साहेब उतरला. मूकपटात आवाजावर बेतलेलं दृश्य! मी नाटकाच्या शिबिरांत हे उदाहरण नेहमी देते.

‘मॉडर्न टाइम्स’च्या दातेरी चाकांत आडवं पडून फोटो काढता येतो. रांग असते, लावावी. रांगेत मी जावयांना गांधीजींची गोष्ट सांगितली. 22 सप्टेंबर 1931 ला, गोलमेज परिषदेच्या वेळी, लंडनच्या पूर्व भागात डॉ. कटियाल यांच्या घरी दोघं भेटले. गांधीजींनी याचा एकही चित्रपट पाहिलेला नव्हता. चॅप्लिनने विचारलं की यंत्रांना तुमचा विरोध का, आणि गांधीजींनी परक्या यंत्रावर अवलंबून झालेल्या देशाची बाजू त्याला समजावली. पाच वर्षांनी हा चित्रपट आला. त्यात कामगार घासातला वेळ वाचवणाऱ्या जेवणयंत्रापुढे बांधलेला आहे आणि यंत्र त्याच्या तोंडावर मका फिरवतंय. एका भेटीतून एक चित्रपट निघतो असं मी म्हणणार नाही, अमेरिकेतली मंदी आणि बेकारी त्याच्या डोळ्यांपुढे होतीच. पण ही भेट तिथल्या प्रत्येक भारतीय पाहुण्याला माहीत असावी असं मला मनापासून वाटतं.

‘द ग्रेट डिक्टेटर’मधलं न्हाव्याचं दुकानही आहे. ब्राम्सच्या हंगेरियन नृत्याच्या तालावर गिऱ्हाइकाची दाढी करण्याचं दृश्य आठवा. 1940 मध्ये, अमेरिका युद्धात उतरायच्या आधी, हिटलरची अशी चिरफाड पडद्यावर करायला जिगर लागते, आणि पैसाही स्वतःचा लागतो. तो त्याच्याकडे होता. 1914 मध्ये कीस्टोन या चित्रपट कंपनीत आठवड्याला 150 डॉलरवर सुरुवात केलेला हा नट दोन वर्षांत म्युच्युअल कंपनीकडून वर्षाला 6,70,000 डॉलर घेत होता, आणि 1919 मध्ये मेरी पिकफर्ड, डग्लस फेअरबँक्स हे नट आणि दिग्दर्शक ग्रिफिथ यांच्याबरोबर युनायटेड आर्टिस्ट्स ही चित्रपट कंपनी काढून मालकच झाला. लेखक, दिग्दर्शक, नट, संगीतकार, निर्माता, सगळं एकच. हसवणाऱ्या नटाने हिशेबही नीट ठेवले म्हणून त्याला कोणी गप्प करू शकलं नाही. आपल्याकडच्या किती गुणी विनोदी नटांचं म्हातारपण कसं गेलं हे आपण पाहिलं आहे. ती टोपी, ती काठी आणि पुरस्कार मांडलेल्या दालनात माझ्या मनात हाच विचार होता. 1972 मध्ये मानद ऑस्कर घ्यायला वीस वर्षांनी तो अमेरिकेत गेला तेव्हा सभागृह बारा मिनिटं उभं राहून टाळ्या वाजवत होतं, असं सांगतात. टाळ्या फारच उशिरा आल्या. त्याबद्दल मला अजून राग आहे.

काही कामाच्या गोष्टी. व्हेवे स्थानकाबाहेरून 212 क्रमांकाची बस थेट ‘चॅप्लिन’ नावाच्या थांब्यावर सोडते. चढ असल्यामुळे ज्येष्ठांनी बसच घ्यावी. तिकीट स्वित्झर्लंडच्या मानानेही स्वस्त नाही, तिशीच्या आसपास फ्रँक धरून चला. दोन तासांत उरकायचं असेल तर पैसे वसूल होणार नाहीत. सकाळी उघडल्याबरोबर जा. मराठी-हिंदी माहिती अर्थातच नाही, पण थोडं इंग्रजी येत असेल तर भागतं, आणि स्टुडिओतलं बहुतेक सगळं शब्दांविना कळतं. आवारात ‘द ट्रॅम्प’ नावाचं उपाहारगृह आहे. आम्ही तिथे जेवलो नाही, त्यामुळे त्याबद्दल मत देत नाही. लेकीने धपाटे आणि शेंगाचटणी बांधून घेतली होती, ती खाली उतरून सरोवराकाठी खाल्ली. तिथेच काठावर चॅप्लिनचा पुतळा आहे, जॉन डबलडे यांनी केलेला, आणि समोर पाण्यात रोवलेला भलामोठा काटाचमचा, म्हणजे फक्त काटा. लोक दोन्हींपाशी फोटो काढतात.

पाय चालत असतील तर कोर्सिएच्या दफनभूमीत जा. ऊना आणि तो शेजारी शेजारी आहेत. 1978 च्या मार्चमध्ये दोघा चोरांनी त्याची शवपेटी उकरून पळवली आणि खंडणी मागितली. ऊनाने दमडी द्यायला नकार दिला. मे महिन्यात नोव्हिल गावाजवळच्या मक्याच्या शेतात पेटी सापडली, आणि पुन्हा पुरताना वर काँक्रीट ओतलं.

मुलांना घेऊन जाणार असाल तर आदल्या आठवड्यात घरी ‘द किड’ आणि ‘द गोल्ड रश’ दाखवून ठेवा. दोन्ही मिळायला अवघड नाहीत. नातीने ते बघितले होते म्हणून खोपटात शिरताच ती ओरडली की आजी, दार उघडू नकोस. जावयांनी काहीच बघितलेलं नव्हतं, आणि दुपारी कंटाळले ते त्यामुळेच. नाटकाची शिबिरं घेणाऱ्यांनी, नेपथ्य करणाऱ्यांनी, मूकाभिनय शिकवणाऱ्यांनी मात्र युरोपच्या सहलीत एक बर्फाचा डोंगर कमी करावा आणि हा दिवस इथे द्यावा. वही न्या. खोपट्याचा कल, माळ्याच्या छपराची उंची, गल्लीतल्या दारांची जागा, सगळं मी काढून आणलं आहे, आणि दिवाळीनंतरच्या शिबिरात मुलांकडून कलती लेव्हल बांधून घेणार आहे.